रूपाबाईचं नाव हजेरीवर परत चढवणेबाबत

दि. २२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
यांचे कार्यालय, तळमजला, जि. हिंगोली.

विषय : साफसफाई कामगार रूपाबाई यांना हलक्या कामावर परत घेणे व वरच्या मजल्यांवर नळाला पाणी सोडणेबाबत.

संदर्भ : आपल्याच डॉक्टरांची दि. ४ ऑगस्टची चिठ्ठी.

महोदय,

मी रीता, राहणार कनेरगाव नाका, आपल्या दवाखान्यात आठ महिन्यांपासून साफसफाईला आहे. रूपाबाई मावशी चौदा वर्षांपासून आहेत. अर्ज त्यांच्यासाठी लिहून राहिले, रागात लिहून राहिले, तरी पूर्ण वाचावा ही विनंती.

१) वरच्या दोन्ही मजल्यांवर पाणी न्हाई. लिफ्ट पेशंटसाठी आहे, बादलीसाठी न्हाई, असं सुपरवायझर प्रेमानंद सरांचं म्हणणं. म्हणून आमी दोघी बादलीच्या कडीत जुनी ओढणी घालून, दोन टोकं धरून जिना चढायचो. जूनमध्ये सरांनी ते बंद केलं. एका बादलीला दोन बाया, वरात काढून राहिल्या का, म्हणाले.

२) मग एकटीनं बादली नेता नेता मावशी जिन्यातच बसल्या, उठता येईना. आपल्या डॉक्टरांनी मणक्यातली गादी सरकली सांगितलं आन् तीन महिने वजन उचलू नये अशी चिठ्ठी दिली. कोणाला दाखवू नको, असं मावशी मला दोनदा म्हणाल्या. मला वाटलं, दाखवली तर चादरी मोजायचं काम देतील. मीच ती चिठ्ठी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सर म्हणाले, "वजन उचलता येत न्हाई, तर घरी बसा." दुसऱ्या दिवशी हजेरीतून नाव कट. येत्या सोमवारी त्यांच्या जागी दुसरी बाई येणार आहे. मावशी माझा फोन उचलत न्हाईत, आन् बराबर करतात.

३) साहेब, आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आपलाच दवाखाना मानत न्हाई काहून? पेशंटला आराम सांगता, आमाला आराम सांगितला की नाव कट. आमच्या अकरा जणींत नऊ जणींची कंबर गेलेली आहे. पट्टा बांधून वरून साडी नेसतात. डॉक्टरांच्या खोलीची फरशी रोज पुसतो, पण आत जाऊन कंबर दाखवायची हिंमत न्हाई. मी एकवीस वर्षांची आहे, माझ्याही पायाला मुंग्या येतात. हे आता लेखी दिलं. माझं नाव कट करायचं तर करा, पण सोमवारच्या आधी मावशीचं चढवा.

उत्तराची वाट बघणारी,
रीता
(सही)

सोबत :
१) चिठ्ठीची झेरॉक्स.
२) नऊ जणींच्या सह्या. जोडल्या न्हाईत, त्यांना उद्या कामावर यायचं आहे.