मोरीचं पाणी

१३ नोव्हें. १९५७, बुध. कांप दे मास्क, मॉरिशस
इस्टेटीत गवत मारायच्या औषधाचं पिंप उतरवताना फुटलं. माझ्याच हातून. माणसं लांब केली. पाणी ओतू दिलं नाही, ओहोळ जवळ. कोरडी माती टाकली, खरवडली, खड्ड्यात पुरली. साहेब म्हणाला, "ब्राव्हो." बरं वाटलं. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, ती घरी मोरीत धुतली, साबणानं अंघोळ केली. सगळं नियमानं.

१४, गुरु.
बायकोचा, शेवंतीचा, उपवास, मी इस्टेटीत जेवलो. आईपुरती अळवाची भाजी केलेली. संध्याकाळी आईला उलट्या, घशात जळजळ. शेवंतीवर करवादली, "चिंच नाय टाकलीस, घसा खाजवतो माजा."
"टाकली वो, आई."

१५
रात्रभर जुलाब. पाय गार. शेजाऱ्याच्या मोटारीतून हॉस्पिटल. शेवंती वाटभर रडत होती, चिंच कमी पडली असंल म्हणून. मी बाहेरचा ऊस बघत होतो. मग आठवलं. मोरीचं पाणी मागं अळवालाच जातं. बादलीतलं तर मीच पानांवर ओतलं, पाऊस नाही म्हणून. रोज ओततो तसंच.
डॉक्टर म्हणाला, "की ली फिन मांझे?" काय खाल्लं ते सांगितलं. पँटचं, औषधाचं, सगळं सांगितलं. त्यानं नर्सला हाक मारून सुई दिली. शेवंती बाहेर बाकावर होती. तिला काही—

१७, रवि.
हॉस्पिटलात आई तशीच. गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. अळू कसा शिजवायचा हे प्रत्येकीनं शेवंतीला शिकवलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मी समोर चहा पीत होतो. लाज वाटायला हवी. वाटत नाही, नुसतं कळतं.

१९
सकाळी शेवंती अळू उपटायला निघाली. या घरात पुन्हा अळू नको, म्हणे. ओरडलो, "हात लावू नकोस!"
"का?"
सांगितलं. दोन वाक्यांत झालं.
ती तिथंच खाली बसली. म्हणाली, "डाक्टरला सांगितलंव. मला नाय."
"नाय."
"आईस तरी तुमीच सांगा. माज्या हातून नाय झालं म्हणून."
हो म्हटलं. आईनं परवापासून डोळे उघडलेले नाहीत.