सावित्राबाईचं पाणी

औंढे,
१० फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
भिमाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

खाचराचं तारेचं कुंपण कितीला पडलं, ते आधी सांगतो. माझ्या खांद्याला ओळभर टाके, कोंडूची दोन बोटं आणि आपली काळी कुत्री. तार आणि खांब वेगळे. फोनवर सांगितलं असतं, पण तुझे कान गेल्यापासून तू हॅलोच्या पुढे सरकत नाहीस आणि मी ओरडून अख्ख्या गावाला आपल्या घरचं ऐकवतो.

लोणावळ्यात बंगल्यांचे प्लॉट विकणारा प्रितम तुला ठाऊक आहे. त्याच्या स्कीमला रस्ता हवा, तोही माझ्या खाचरातून. मी नाही म्हटलं आणि ठाकरवाडीच्या कोंडूला कुंपणाला लावलं. त्याच्यासारखी तार ओढणारा मावळात दुसरा नाही. बोटानं छेडतो, ऐकतो, मगच पीळ देतो. गुरुवारी शेवटच्या खांबाशी होतो तर प्रितमची जीप आली. स्प्रिंगच्या पाट्यांच्या करकरीवरूनच मी ओळखलं, माणसं गच्च भरलीत. कोंडूला म्हटलं पळ. तर म्हणतो, भाऊ, आता हात सोडला तर तार सुटंल.

तारेवरचा तो हातच त्यांनी पहारीनं ठेचला. दोन बोटं खांबापाशी पडली. कुत्री अंगावर धावली, तिचं डोकं दगडानं फोडलं. मी फावड्यानं एकाचा जबडा मोडला, त्याचे दात माझ्या सदऱ्यावर उडाले. तेवढ्यात मागून एकानं माझ्या खांद्यावर कोयता घातला. ओल्या ओंडक्यावर पडावा तसा धप्प आवाज झाला. आणि आक्का, कोयता वाकला! पातं पार दुमडलं. त्यानं कोयत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पळत सुटला. खंडाळ्यात साहेबांच्या गाड्या धुऊन तीन टँकर उभे केले, ते हाड आहे हे! तो कोयता मी चावडीवर ठेवला आहे. येईल त्याला दाखवतो.

कोंडूच्या बोटांचा हिशेब मात्र बाकी आहे. सावित्राबाई लोहारणीकडे कोयते सांगून आलो. लालभडक पातं पाण्यात बुडताना चर्र करतं ना, तो आवाज मला फार आवडतो. त्या एका चर्रवर धार कडक होते. तिला म्हटलं, पाणी झकास पाज, पुढे आम्हाला प्रितमला पाजायचं आहे. बाई हसली नाही. घण मारत राहिली.

तुझ्या अमृतला यात ओढणार नाही. टँकर चालवतो तेवढं पुरे. तुझी शपथ.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
भिमाजी


वराळे,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. भिमाजीस अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून हातातला घास खाली ठेवला. कोंडूच्या घरी तांदूळ पोचवलेस का, की नुसती शेखी मिरवतोयस? आणि तुझं ते हाड! सात वर्षांचा होतास, म्हशीवरून पडलास आणि मनगट मोडून घेतलंस. महिनाभर मी तुला भरवलं. तेव्हा कुठं गेलं होतं हे हाड?

प्रितमला तोडून कोंडूची बोटं उगवणार आहेत का? तू तोडशील, मग ते तुला तोडतील, मग तुझ्या प्रेरणाचं लग्न तुरुंगाच्या दारात लावायचं का? अमृत परवा आला होता. म्हणाला, आई, मामाला एकट्याला जाऊ देणार न्हाई. माझी शपथ घेऊन तू मोकळा झालास, त्याला कुणी घालायची? नवरा गेला, कान गेले, आता हा एकच राहिला आहे. त्याच्या हातून माणूस मेला तर मी तुझं तोंड पाहणार नाही.

तुझे कान एवढे तिखट, मग माझं कधी ऐकू येईल? कोयते परत कर. सावित्राबाईला म्हणावं विळे कर, गवत कापायला होतील.

तुझ्यावर माया आहे, तिची परीक्षा घेऊ नकोस.
आक्का


औंढे,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

अमृत माझ्या घरी आहे, धड आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. नको होतं जायला. भर दुपारी प्रितमच्या साईटवर तिघं पोचलो. त्यांनी खडी फेकायला सुरुवात केली, माझ्यासोबत आलेल्या सखारामचा डोळा सुजून मिटला. मी एकाला डंपरच्या चाकावर आपटला, त्याचं नाक चपटं झालं. मग प्रितमनं मला पाडलं, छातीवर बसला आणि दगडानं तोंडावर मारू लागला. रक्तानं डोळे भरले, दिसेना. पण ऐकू येत होतं. आपल्या टँकरचा ब्रेक मी झोपेतही ओळखीन. मी ओरडलो, अमृत, माघारी जा. माझ्या हातून पडलेला कोयता त्यानं उचलला आणि दोन्ही हातांनी प्रितमच्या मानेवर घातला.

धप्प.

प्रितम माझ्या अंगावर कोसळला. त्याचं गरम रक्त माझ्या गळ्यावर आलं आणि मला तू दिसलीस. अमृत तिथंच ओकायला लागला. मग प्रितम हलला आणि माझ्या सात पिढ्या उद्धरू लागला. शिव्या इतक्या गोड लागतात हे मला ठाऊक नव्हतं. चामडी फाटली, गळपट्टीचं हाड मोडलं, पण मान शाबूत. कोयता मात्र दुमडला होता. केस दोन्हीकडून झाली आहे, पण मारामारीची. खुनाची नाही. अमृतला जामीन मिळाला. प्रितमनं रस्त्यासाठी पलीकडचा बांध धरला आहे.

तो धप्प माझ्या कानातून जाईना. मग आठवलं, सावित्राबाई कोयते घडवत होती तेव्हा मी चर्र ऐकलंच नव्हतं. ऐन वेळी तिनं मला तंबाखू आणायला पिटाळलं होतं. सरळ तिच्या भट्टीवर गेलो. ती म्हणाली, भाऊ, मोळी तोडणारा मानूस कोयता खाली झाडून बगतो. तू कोयते सांगाया आलास तवा नमुन्याचा हातात घेतलास आन् मानंच्या उंचीवर फिरवलास. अशाला मी पानी देत न्हाई, राखंत निववते. पातं मऊ ऱ्हातं. माझी भट्टी हाय, मुडदे पाडायचा कारखाना न्हाई.

मी भर रस्त्यात तिच्या पाया पडलो. नारळ आणि लुगडं ठेवलं. नारळ घेतला, लुगडं उलटंपालटं करून म्हणाली, ह्यो रंग म्हातारीचा, बदलून आण. आज बदलून दिलं, तुझ्या नावानं आणखी एक.

कोंडू आता डाव्या हातानं तार छेडतो. राहिलेलं कुंपण त्यानंच ओढलं, मी नुसता खांब धरून उभा होतो. तांदूळ पोचवले.

अमृत रविवारी येईल. त्याला रागावू नकोस, पोटाशी धर. उरलासुरला लोभ माझ्यासाठी ठेव.
तुझा,
भिमाजी

ता. क. चावडीवरचा, माझ्या हाडावर वाकलेला तो कोयता सावित्राबाईला दाखवला. तोही तिचाच, राखेत निववलेला.