कणगीमागचा टीव्ही

प्रिय दामिनीताई,

रविवारी तासभर बोलणं झालं आणि लगेच पत्र कसं, म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. भात घरात आलं, वालाला फूल धरलं, बाबांचा गुडघा कुरकुरतो पण ते त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरतात. पत्राचं कारण शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर बाकीचं तू वाचणार नाहीस.

तू हैदराबादला गेल्यापासून तुझं बोलणं आईला मीच सांगत आलो. तू फोनवर बोलायचीस, मी ऐकायचो आणि आईकडे तोंड करून तेच सावकाश बोलायचो. एकही शब्द गाळला नाही. तरी एकदा ती म्हणाली, "तू समदं सांगतोस रे, पन तोंड तुझंच दिसतं. तिचं नाय दिसत." तेव्हापासून ते माझ्या डोक्यात होतं. तिचे कान तापात गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. शाळेतून आल्यावर तूच तिच्यासमोर बसून एकेक शब्द बोलून दाखवायचीस, असं बाबा सांगतात. ती ओठ वाचायला तुझ्याच तोंडावर शिकली. आणि नेमके तुझेच ओठ फोनच्या एवढ्याशा काचेत तिला दिसत नव्हते.

म्हणून दिवाळीत मुरबाडहून मोठा टीव्ही आणला. फोनवरचं चित्र वायफायने टीव्हीवर टाकायचं, एवढंच काम. मी सगळं दोन-दोनदा वाचून जोडलं, तरी तुझा चेहरा दर घटकेला गोठायचा. एकदा तर तू तोंड उघडं ठेवून इतका वेळ थांबलीस की बाबा म्हणाले, "जांभई देते का काय ती?" चित्राचा दर्जा कमी केला की अडकायचं नाही, पण ओठांच्या जागी नुसता गुलाबी डाग. आई डोळे बारीक करून बघायची आणि शेवटी उठून चुलीपाशी जायची. मला रात्री झोप येईना. वाटायचं, हे जमलं नाही तर ती पुन्हा बघायला बसणार नाही.

मग फोन हातात धरून मी घरभर फिरलो. ओटीवर राऊटरसमोर चित्र स्वच्छ. माजघरात टीव्हीपाशी आलो की खराब. मध्ये काय, तर आपली कणगी! नव्या भाताने गळ्यापर्यंत भरलेली, माझ्यापेक्षा उंच. वायफाय तिच्यात शिरत होता आणि बाहेर येत नव्हता. टीव्ही ओटीवर न्यावा, तर उजेडाने काही दिसत नाही आणि अख्खी आळी येऊन बसते. राऊटर आत घ्यावा, तर वायर तोकडी, आणि वायरवाला रोज उद्या येतो.

कणगी हलवू म्हणालो तर गिरजाकाकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भरली कणगी कोन हलवतं का रे हरेश? बरकत जाते घरातली. तुज्या त्या डबड्यापायी?" बाबा माझ्याकडे बघेनात, काकीकडेही बघेनात. आई मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिने पाटी उचलली, कणगीत हात घातला आणि भात काढायला लागली. काकी म्हणाली, "अगो सकू, ऐक तरी." आई म्हणाली, "मला ऐकू येत नाय." ताई, आपली आई हे असं हसत म्हणाली! मग काकीच आधी हसली, पदर खोचून दुसरी पाटी तिनेच घेतली. दुपारपर्यंत ओटीभर भात पसरलं होतं. शेजारून चांगोदादा आला, त्याने आणि त्याच्या पोरांनी रिकामी कणगी मागच्या कोपऱ्यात नेली. काकीने तिला हळदकुंकू वाहिलं, "रागावू नको गो बाय" म्हणाली, आणि आम्ही पुन्हा भरली.

गेल्या रविवारी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. तू पडद्यावर आलीस, केवढी मोठी, कपाळावरचा कांजण्यांचा व्रणसुद्धा दिसला. तू म्हणालीस, "आई, चष्मा कधी लागला तुला?" मी सवयीने आईकडे वळलो, तर तिने कधीच उत्तर दिलं होतं, "शिमग्यापासनं. पन तू का गो वाळलीस?" नंतर तुम्ही दोघी बोलतच राहिलात. मला कुणी काही विचारलं नाही. मी नुसता बसून होतो, आणि इतकं बरं वाटलं की मला डोळे पुसताना बघून काकी म्हणाली, याला पाणी द्या.

आता कारण. मध्येच तू आवाज बंद केलास आणि बाजूला कुणाशी तरी बोललीस. बाबा म्हणाले, बिघडलं, बघ रे. मी बटणं दाबत होतो. आई मात्र टीव्हीकडे बघत होती. आवाज बंद केल्याने तिला काय फरक पडणार, ताई? दुसऱ्या दिवशी वाल निवडताना तिने हळूच विचारलं, "हर्षित कोन रे?" तू त्याला म्हणालीस ते सगळं तिने मला सांगितलं. "आत्ता नको, आईला अजून सांगितलं नाही, माझी छाती धडधडते." घाबरू नकोस. पोराला मराठी समजतं यावरच ती अर्धी खूश आहे. बाबांना ती स्वतः सांगणार आहे आणि तिला नाही म्हणणं त्यांना कधी जमलेलं नाही. फोनवर बोलावं तर बाबा शेजारी असतात, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी त्याला समोर बसव, असा तिचा निरोप आहे. तोंडावर उजेड हवा. आणि कडेला तो क्षणभर दिसला, पण त्याचं उत्तर तिला कळलं नाही, सगळं मिशीत गेलं. तेव्हा त्याला म्हणावं, जावई व्हायचं असेल तर मिशी कापून ये.

तुझाच,
हरेश