उठा म्हणायच्या आधी

सोमवार, ३ तारीख. थकवा : आठ

आणि हा थकवा मोजायचा म्हणजे काय, ते आधी मला कुणीतरी सांगा. शून्य ते दहा. रोज आकडा टाकायचा आणि खाली चार ओळी लिहायच्या, म्हणे. दिवसभर राबून आल्यावर किती थकलो ते लिहायला बसायचं, म्हणजे थकव्यात आणखी भर! चौथीत शाळा सुटलेल्या बाईच्या हातात वही देतात, आणि वर बजावतात, खाडाखोड नको. खाडाखोड होणार. वाचायचं तर वाचा.

जागा मात्र झकास आहे, खोटं कशाला बोलू. मेंदूचे फोटो काढायचं केंद्र. आज सफाईच्या कामाचा पहिला दिवस. नळाला जोर आहे, फरशी एका हातात चमकते, आणि झाडू-फडक्यांचं कपाट माझं एकटीचं. आधीच्या हॉटेलात माझं फडकं आचाऱ्याचं नाक पुसायलासुद्धा जायचं.

केंद्राच्या मॅडम स्वतः येऊन बोलल्या. बाप्या आणि बाई सारखेच थकतात, की थकवा दोघांच्या मेंदूत वेगळ्या जागी बसतो, कुठला भाग जाड, कुठला बारीक, ते शोधतायत. म्हटलं, यंत्र कशाला, मला विचारा. बाप्या थकला की आडवा होतो. बाई थकली की पुढचं काम काढते. मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, तुम्ही नवरा-बायको दोघं या तपासणीला, बायका कमी पडतायत. अशी आली ही वही.

मंगळवार, ४ तारीख. थकवा : आठ

लोखंडी कडीची बादली घेऊन यंत्राच्या खोलीत निघाले, तर यंत्र चालवणारा माझ्यावर असा धावला, जणू मी बॉम्ब आणला. ते यंत्र लोखंड ओढून घेतं. आता प्लास्टिकची बादली मिळाली.

या यंत्रवाल्याला मी उठाभाऊ म्हणते. माणूस फळीवर झोपतो, तोंडावर जाळीचं टोपडं, फळी नळकांड्यात जाते, पत्रा बडवल्यासारखा आवाज होतो, फळी बाहेर येते. मग हा काचेपलीकडून भोंग्यात म्हणतो, झालं, उठा आता. दिवसभर तेच. हातात एक रबरी फुगा देतात. घाबरलात तर दाबा, बाहेर घंटी वाजते. सकाळी माणसांच्या आधी डोक्याएवढा, पाणी भरलेला गोळा आत घालून बघतो, फोटो नीट येतो का. गोळ्याचा फोटो गुळगुळीत. उठाभाऊ म्हणाला, आमच्या साहेबांचा पण असाच येईल.

गुरुवार, ६ तारीख. थकवा : नऊ

आमचे हे आधी गेले. त्या बडवण्यात घोरत पडले! उठाभाऊने दोनदा उठा म्हटलं तेव्हा डोळे किलकिले केले आणि चहा मागितला.

मग मी. आवाज थांबला, फळी बाहेर आली. बाहेरचा सगळा व्हरांडा पुसायचा होता. मी टोपडं वर केलं, फुगा टाकला आणि उतरले. उठाभाऊ चिडला. मी म्हणेपर्यंत पडून राहायचं, म्हणे. एवढी कसली घाई, निम्म्या आतच राहाल. बाप्ये मुकाट पडून राहतात, बायकाच मेल्या आधी उठतात. कँटीनची आचारीणही तशीच उठली होती. म्हटलं, तू पूस व्हरांडा, मी पडते.

शुक्रवार, ७ तारीख. थकवा : शून्य

खोटं नाही, शून्य. सकाळी उठले ती पोरीच्या वयाची होऊन. तिन्ही मजले पुसले, घरी येऊन पडदे धुतले, माळा झाडून काढला. आमचे हे म्हणाले, आज तुझी जांभई नाही ऐकली. माझ्या जांभईच्या शेपटाला नेहमी ‘आई गं’ असतं, यांना त्याचीच चेष्टा. लग्न झाल्यापासून पहिला दिवस असा गेला, म्हणाले.

सोमवार, १० तारीख. थकवा : शून्य

काल झोप आली नाही. नको होती. चादरीला टिपा घातल्या.

यंत्राची खोली शनिवार संध्याकाळपासून बंद होती. सकाळी मीच उघडली. फळीवरची गादी पुसायला हात ठेवला, तर गादी गरम. कुणी आत्ताच उठल्यासारखी. मधोमध खळगा. पुसला. दाबून सारखा केला. पुन्हा पडला.

उठाभाऊला सांगितलं. तो म्हणाला, जुना स्पंज आहे. स्पंज गरम असतो का रे?

मंगळवार, ११ तारीख. थकवा : शून्य

मी फरशी पुसत होते. आत पाण्याचा गोळा, बाकी कुणी नाही. घंटी वाजली. फुगा खुंटीवर होता, आणि हळूहळू चपटा होत होता.

उठाभाऊ काचेमागे पांढराफटक. पडद्यावर गोळ्याचा फोटो यायला हवा होता. डोकं आलं. आत सगळ्या वळ्या, घड्या. मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, जुना फोटो वर आला असेल. मग जवळ जाऊन बघितलं आणि कपाटातून माझा फोटो काढून शेजारी धरला. मी विचारलं, कुणाचा? म्हणाल्या, तुम्ही कामाला लागा.

निघता निघता नळकांड्यातून जांभई आली. लांबलचक. शेवटी — आई गं.

बुधवार, १२ तारीख. शून्य

आचारीण गेली.

परवापासून बघत होते, बाई बसतच नव्हती. सोमवारी तळहात भाजला, फोड आले, तरी तव्यावरून हात काढेना. म्हटलं, अगं, बस की जरा. म्हणाली, बसावंसं वाटतच नाही गं. आनंदात होती. मलापण वाटलं, बरंय.

आज मोरीपाशी उभी होती. नळ चालू, हातात पातेलं. हाक मारली, वळली नाही. डोळे उघडे. श्वास नाही. हात मात्र पातेलं घासत होते — मी धरले तेव्हा थांबले.

डॉक्टर म्हणाले, अंगात काहीच उरलेलं नव्हतं. थांब म्हणणारं कुणी आत नव्हतं तिच्या.

ते कुठे आहे मला माहितीये. यंत्राच्या खोलीत आज दोघी जांभया देतायत.

गुरुवार, १३ तारीख. शून्य

खाल्लं नाही. भूक नाही. पायाच्या नखातून रक्त येतंय, दुखत नाही. आमचे हे रडले. म्हणाले, बस गं बाई, मी पुसतो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. मी त्यांच्या हातून फडकं ओढून घेतलं. मी नाही — हाताने.

सकाळी यंत्राच्या खोलीत गेले. फळीवर पडून बघायचं होतं. कुणीतरी उठा म्हणेल, मग नीट उठेन. पाठ टेकवली.

जागा नव्हती.

पाठीखाली ऊब. कानाशी श्वास. दमलेला. माझाच. एवढी दमलेली बाई मी कधी बघितली नाही. ती सरकेना.

गुरुवार, संध्याकाळ

मॅडम, हे तुम्हाला. तुम्ही वह्या शेवटी एकदम वाचता, म्हणून उघडी करून तुमच्या टेबलावर ठेवतेय. आत्ता वाचा.

शनिवारी माझ्या पोरीचा नंबर आहे. बायका कमी पडतायत म्हणून तुम्हीच बोलावलंय. ती माझ्यावर गेलीये. उठा म्हणेपर्यंत थांबणार नाही. मी सांगितलं, जाऊ नकोस. म्हणाली, आई, तू किती बरी झालीस, मलापण तसंच व्हायचंय. तिला बोलवू नका.

आणि माझं. उठाभाऊला भोंग्यापाशी बसवा. त्या आतलीला हाक मारू दे. आचारणीला नको, तिला आता परत यायला घर नाही. मला. नावाने. म्हणू दे, झालं, उठा आता. बाहेर दारात मी उभी राहीन. मला माझा थकवा परत पाहिजे. आठ असो, दहा असो. माझा आहे.

पोरीला नाही म्हणताय का, आणि मला हाक मारताय का, दोन्हींचं उत्तर उद्या शुक्रवारी, दुपारपर्यंत. तोंडी नको. इथेच खाली लिहा. दुपारपर्यंत नाही आलं तर मी स्वतः लोखंडी बादली घेऊन आत —

लिहून झालंय. पेन ठेवायचंय. हात ठेवत नाही. शुक्रवार दुपार. शुक्रवार दुपार. शुक्रवार दु