शीर्षकातलं गडचिरोली

मॅडम, आज एक पेपर पाठवायचा आहे आणि शीर्षकातल्या एका शब्दापाशी माझं घोडं अडलंय. परिषद परदेशात आहे. पेपर त्यांनी स्वीकारला, आता सुधारलेली शेवटची प्रत त्यांच्या साइटवर चढवायची, की झालं. पण परिषदेचं काम बघणाऱ्या बाईंची मेल आली आहे, फार गोड भाषेत. त्या म्हणतात, शीर्षकात गडचिरोली आहे, ते नाव आमच्याकडे कुणाला माहीत नाही, उच्चारताही येत नाही. त्याऐवजी 'मध्य भारत' केलंत तर पेपर जास्त लोकांपर्यंत पोचेल, सक्ती काही नाही. तसं बघायला गेलं तर बाईंचं काही चुकत नाही. स्टाफरूममध्ये शेजारच्या टेबलावर बसणारे सर तर म्हणाले, "करून टाका ना मॅडम, काय फरक पडते? खाली नाव तर तुमचंच राहून राह्यलं." हो, आता मलाही मॅडम म्हणतात. चंद्रपूरला कॉलेजात बॉटनी शिकवते, मुलांवर तुमच्यासारखीच ओरडते, फक्त माझ्या ओरडण्याला कुणी भीत नाही. सरांना मी बघते म्हणाले. खरं तर तुम्हाला विचारावं, असं मनात आलं आणि कागद ओढला.

तुम्हाला आठवत असेल, मी आरमोरीला तुमच्या हाताखाली एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष नुकतंच संपवलं होतं. आमच्या गावात मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. जमीन साफ होते, पहाटे पडलेलं फूल चटकन दिसतं. पण त्या आगीत मोहाची बोटभर उंचीची रोपंही जळून जातात. माझी माय आणि शेजारच्या दोघी-तिघी मात्र पाला झाडून बाजूला करायच्या आणि जुनी लुगडी अंथरायच्या. एवढाच माझा विषय. जाळलेल्या झाडाखाली किती रोपं जगतात आणि न जाळलेल्या झाडाखाली किती, हे मी दोन उन्हाळे उकिडवी बसून मोजलं. माझ्या दृष्टीनं तो प्रबंध परीक्षेपुरता होता. तुम्हीच म्हणालात, हे बाहेर गेलं पाहिजे. दक्षिणेतल्या कुठल्याशा मोठ्या शहरात परिषद होती आणि तिथे निबंध टपालानं घेत नव्हते, फक्त ऑनलाइन. तुमचा सगळा जन्म टपालानं पाठवण्यात गेलेला, तीन प्रती, वर सुतळी. सूचनांचं पान तुम्ही छापून आणलंत आणि त्यावर लाल पेनानं इतक्या रेघा मारल्यात की मूळ मजकूर शोधावा लागत होता. "भीती वाटून राह्यली का तुले?" तुम्ही मला विचारलंत. मी नाही म्हणाले. "मले बी नाई वाटत," असं म्हणून तुम्ही ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलंत.

त्या सूचनांमध्ये एक अशी होती की ती वाचून मी मनातल्या मनात उडीच मारली. निबंध तपासणाऱ्याला लेखक कोण हे कळता कामा नये, म्हणून लेखकाचं नाव, कॉलेजचं नाव, आभार, सगळं काढून पाठवा. मला वाटलं, देव पावला. आता कुणाला कळणारच नाही आपण कुठल्या ते. मी घरी जाऊन फाइलवर असा काही हात फिरवला की विचारू नका. माझं नाव गेलं, तुमचं गेलं, कॉलेज गेलं, आणि त्याच झटक्यात गावही गेलं, तालुकाही गेला, जिल्हाही गेला. राहिलं काय, तर 'मध्य भारतातील वनालगतचे एक गाव'. मोहालाही मी सोडलं नाही. शीर्षकात त्याचं झालं 'वनोपज देणारा एक वृक्ष'. मला ते फारच भारदस्त वाटलं होतं.

तुमच्या घरी कॉम्प्युटर स्वयंपाकघरात होता, कारण टेलिफोनची वायर तिथपर्यंतच येत होती. मी डोळ्यांपुढे तो ओटा आणला की आजही मला डाळीच्या डब्यांना टेकलेला मॉनिटर दिसतो. तुमचे रोजे चालू आहेत. तुम्ही माझ्यासाठी वरण-भात लावलाय, स्वतः सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत तुम्ही माझी फाइल वाचताय. कपाळावर आठी चढत चाललीय.

"हे मध्य भारतातलं एक गाव म्हणजे कोण होय?"

"आपलंच मॅडम. म्हणजे माझंच."

"मंग नाव कुठी गेलं त्याचं?"

"नियमच आहे ना तसा. ओळख पटेल असं काही ठेवायचं नाई."

तुम्ही ते लाल रेघांचं पान माझ्यापुढे सरकवलंत. "वाच. लेखकाचं नाव काढा म्हणते. कॉलेजचं काढा म्हणते. झाडाचा पत्ता काढा म्हणते का कुठी? उद्या कोणाले तुझं म्हणणं तपासून पाहायचं असन तर तो कुठी जाईन? मध्य भारत नावाच्या स्टँडवर उतरन का एसटीतून? आन् मोहाले मोह म्हणायले काऊन लाज वाटते तुले?"

त्या 'लाज' शब्दानं माझं डोकं फिरलं. मी ताडताड बोलायला लागले. नागपूरला विद्यापीठाच्या शिबिरात गेले होते तेव्हा खोलीतल्या मुलींनी गाव विचारलं आणि मी गडचिरोली म्हणताच एक म्हणाली, अगं बाई, तिकडे तर गोळीबार होतो ना? दुसरीनं विचारलं, तुमच्याकडे घरोघरी मोहाची गाळतात म्हणे, तूही पितेस का? सगळ्या हसल्या. आणि मीही हसले, मॅडम, हे मला जास्त लागलं होतं. ते सगळं मी तुमच्या ओट्यापाशी उभी राहून तुमच्याच अंगावर ओरडले, जणू त्या खोलीत तुम्ही होतात. शेवटी म्हणाले, गाव वाचलं की ते लोक पुढचं वाचणारच नाहीत.

तुम्ही गॅस बंद केलात. मला वाटलं आता काही खरं नाही, मॅडम आपल्याला घराबाहेर काढणार. पण तुम्ही ताट वाढायला घेतलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "मले बी लोक विचारतेत. मॅडम, तुम्ही मुसलमान असून इतकी चांगली मराठी कशी काय बोलता? दर वर्षी एक तरी विचारतेच. मी काय करू मंग? नाव बदलून घेऊ का?" तुम्ही ताट माझ्यापुढे ठेवलंत. "जेवून घे आधी. मंग राग कर."

मी जेवले. खाली मान घालून, नाक ओढत, दोनदा भात घेऊन. जेवण झाल्यावर तुमच्या देखत फाइलमध्ये गाव परत लिहिलं, तालुका लिहिला, जिल्हा लिहिला. मोह लिहिताना तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतात.

मग तुमची नजर फोटोंवर गेली. एका फोटोत माय मोहाखाली लुगडं अंथरत होती. "मायले विचारलं का, फोटो टाकू म्हणून?" माझ्या हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आपल्या आईला काय विचारायचं? तुम्ही म्हणालात, विचारल्याशिवाय एक अक्षर इथून जाणार नाही. शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली आणि तुम्ही मला सायकलवर गावाला पिटाळलंत. रोवणीचे दिवस. माय आणि गावातल्या बायका धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात रोपं लावत होत्या. मी शेताच्या कडेला, धुऱ्यावरूनच ओरडून सांगितलं. माय कंबर सरळ करून म्हणाली, "लुगडं कोणतं होतं त्या दिवशी अंगावर? फाटकं तर नव्हतं ना?" नाही म्हटलं. "मंग टाक. पण गावाचं नाव लिहिलं का त्याच्यात? नाई तर ते नाल्यापल्याडचे म्हणतीन, आमचा मोह होय. दर वर्षी भांडून राह्यले ते." बायका खदाखदा हसल्या. हे मी तुम्हाला परत येऊन सांगितलं तेव्हा रोजाच्या कोरड्या घशानं तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला खुर्ची धरावी लागली.

शेवटच्या दिवशी दुपारी आपण बसलो. फाइल मोठी, नेट बारीक. साइट दरवेळी म्हणायची, वजन जास्त आहे. मी म्हणाले, मायचा फोटो काढून टाकू. तुम्ही ऐकलं नाहीत. रंगीत आलेख काळे-पांढरे केलेत, झाडांचे फोटो लहान केलेत, माय होती तशी राहिली. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर टिकावा म्हणून तुम्ही पंखा बंद केलात, फ्रिजची पिनसुद्धा काढलीत. घामानं तुमचा चेहरा निथळत होता, ओठ सुकले होते, आणि तुम्ही पडद्यावरच्या त्या भरत जाणाऱ्या पट्टीकडे टक लावून बघत होतात. पट्टी भरली. हिरवी खूण आली.

"झालं?"

"झालं म्हणते."

"म्हणते म्हणजे? गेलं का नाई?"

तुमचा त्या खुणेवर काही केल्या विश्वास बसेना. शेवटी तुम्ही परिषदेच्या ऑफिसला फोन लावलात आणि इंग्रजीत, पूर्वी ट्रंककॉलवर बोलायचे तशा आवाजात, आमचा निबंध मिळाला का, असं विचारलंत. पलीकडचा माणूस बहुतेक पहिल्यांदाच असा फोन घेत होता. त्यानं बघून हो म्हटलं, तेव्हा कुठे पंखा सुरू झाला.

पेपर घेतला त्यांनी. नावं परत घालायची वेळ आली तेव्हा मी तुमचं नाव आधी टाकलं, तुम्ही ते खाली नेलंत. आभारांत मी तुमच्यावर एक लांबलचक परिच्छेद लिहिला होता, तो तुम्ही 'जागा कमी आहे' म्हणून खोडलात. जागा भरपूर होती. आणि परिषदेला जाताना घालायला तुमच्या अब्बांनी चंद्रपूरच्या दुकानात बसून मला कुर्ता शिवून दिला, त्याला आतून एक छोटा खिसा, पेन ड्राइव्ह ठेवायला. आयुष्यभर शर्ट-पँटी शिवलेल्या माणसानं तो खिसा किती मनापासून लावला होता! तिथे मंचावर मी खिशावर हात ठेवूनच बोलले. पहिला प्रश्न आला तो वाघांबद्दल. मी म्हटलं, आहेत, आणि मोहही आहे, आता मोहाचं ऐका. लोक हसले. यावेळी मीही हसले, आणि मला काही लागलं नाही.

माझी पीएच.डी. तुम्ही पाहू शकला नाहीत. किडन्यांनी दगा दिला. नागपूरच्या दवाखान्यात तुम्ही मला बजावलंत की रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, इथे नर्सबाईंना त्रास होतो. त्यालाही किती वर्षं झाली. तुम्ही खोडलेला परिच्छेद माझ्याकडे नाही आणि त्यातलं इंग्रजी बहुधा वाईटच होतं, म्हणून मराठीत लिहिते. मॅडम, तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी आज कुठेही ताठ उभी राहून बोलते ते तुमच्यामुळे. त्या दिवशी तुम्ही 'मध्य भारत' चालवून घेतलं असतं तर पेपर कदाचित तसाही स्वीकारला गेला असता. पण मी मात्र पुढचं सगळं आयुष्य गाव विचारलं की नागपूरजवळ असं सांगत राहिले असते. तशी माणसं मी रोज बघते. मला त्यांचा राग येत नाही, त्यांना तुम्ही भेटला नाहीत एवढंच वाटतं.

आता हे पत्र कुठे पाठवायचं? तुमचा जुना मेल-पत्ता माझ्याकडे आहे, पण मी काही इतकी खुळी नाही. आणि एक सांगून टाकते. त्या बाईंच्या मेलला मी सकाळीच उत्तर दिलं, नम्रपणे, आणि गडचिरोली जसंच्या तसं ठेवून बटण दाबूनही टाकलं. चहा गार व्हायच्या आत. तुम्हाला विचारायचं असं काही उरलेलंच नव्हतं. पण नुसतं आठवण येते म्हणून लिहिलं असतं तर तुम्ही रागावला असतात, कामाचं बोल म्हणाला असतात. म्हणून काम काढलं.