राहून गेलेला कंस

मल्लेश्वरम, बंगळूर
१९ नोव्हेंबर १९६१

ती. अण्णास,
रत्नाकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

हुबळीहून पाठवलेलं तुझं दिवाळीचं कार्ड पोचलं. पोच द्यायला उशीर झाला. कारखान्यात काम फार; घरी येतो तो गळूनच. प्रतिमाची कंबर धरली आहे. आमची कावेरी नववीत गेली. तिला बीजगणित मीच शिकवतो.

खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं. गेल्या रविवारी तिला दोन अज्ञातांची समीकरणं सांगत होतो. य म्हणजे दोन क्ष वजा तीन; आणि पाच क्ष वजा य बरोबर बारा. दुसऱ्या समीकरणात यच्या जागी त्याची किंमत घातली, की एकच अज्ञात उरतं. माझा क्ष आला पाच, तिचा तीन.

"बाबा, तुमचं चुकलं."

"परत कर."

तिने परत तीनच काढला. मी तिच्या मुस्काटात मारली.

ती रडली नाही. वहीवर बोट ठेवून म्हणाली, "किंमत घालताना तुम्ही कंस घातला नाहीत. वजा तीनचं अधिक तीन व्हायला हवं. ताळा करून बघा ना."

पंधरा वजा तीन, बारा. तिचंच बरोबर होतं.

अण्णा, बेळगावला तुझ्या वहीतलं ते गणित मीच सोडवलं होतं. तू फुटबॉलला गेला होतास. तू खूश होशील म्हणून, तुझ्यासारखं अक्षर काढून. त्यातही कंस राहिला होता. "हे मी लिहिलंच नाही," तू म्हणालास, आणि आप्पांनी खोटं बोलतोस म्हणून तुला वेताने फोडलं. तू माझ्याकडे पाहिलंस. नाव घेतलं नाहीस. मी खांबाशी उभा राहिलो, गप्प. त्याच आठवड्यात तू शाळा सोडून छापखान्यात गेलास. मी इंजिनियर झालो.

कावेरी पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. काही विचारलं की नुसतं कानडीतलं "सरी", बरं एवढंच. काल तिला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "काकांना कधी सांगितलंत?"

सव्वीस वर्षं झाली. आप्पांना सांगायचं राहिलं, ते गेले. माफ कर असं लिहायला हात उचलत नाही.

हे पत्र कावेरीच पेटीत टाकणार आहे. आधीची तीन माझ्या खिशातच राहिली.

तेव्हा गप्प राहिलेला,
तुझा रत्नाकर