मागच्यासारखेच दिवे

सोमवार, १९ तारीख

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला कामाचं निमित्त पुढे करत नाही. गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे. दुकानाच्या छताची गळती एकदाची थांबली.

बोट दुरुस्त करून घेतलीस आणि आता शिडं स्वतः सांभाळणार, हे वाचून आधी हसलो. तुझ्या हट्टापुढे वाराही हात टेकेल.

दिव्यांचं विचारलंस. बारा व्होल्टचे एलईडीच घे. जुना बल्ब दहा वॅट खायचा, हे दोन वॅटमध्ये तेवढाच उजेड देतात आणि बॅटरी टिकते. पिवळसर उजेडाचे बघ, पांढऱ्याने केबिनचा दवाखाना होतो. झोपायच्या फळीशी एक, शेगडीवर एक, नकाशाच्या टेबलाशी एक. तीन पुरेत. पण बोटीसाठी बनवलेले घे, रेडिओत खरखर न आणणारे. तसं खोक्यावर छापलेलं असतं.

तू लिहिलंयस, ‘मागच्यासारखेच पाठव, स्वस्त होते.’ ते मी पाठवणार नाही. दुसरे सुचवून गप्प बसता आलं असतं. बारा दिवस मनात तेच चाललं होतं.

मागचे दिवे मी बाजारातून खोकंभर उचलले होते. तुमच्या बोटीत बसवल्यावर सगळे लावून पाहिले. मग ते बंद करून रेडिओ तपासला. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ही माझी जुनी सवय. लोक तिचं कौतुक करतात. दोन्ही एकदम चालू करून पाहायचं मला सुचलंच नाही.

महिन्याभराने भाऊजी दुकानात आले. म्हणाले, “अरे, संध्याकाळचा रेडिओ नुसता खरखरतो. काही कळत नाही.”

मी म्हणालो, “नाचता येईना अंगण वाकडं. तुमची एरियल जुनी झाली असेल, भाऊजी.”

ते हसले, चहा पिऊन गेले. मी बोटीवर जाऊन पाहिलं नाही.

भाऊजी परतले नाहीत, त्या दिवशी भर दुपारी अंधारून आलं होतं. बंदरावरून रेडिओवर तीनदा वादळाचा इशारा दिला. बाकीच्या सगळ्या बोटी परतल्या. दोन दिवसांनी त्यांची बोट ओढून आणली, तेव्हा केबिनच्या दिव्यांचं बटण चालूवर होतं. मी पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

पुढे त्या खोक्यातला उरलेला एक दिवा मी दुकानात लावला. शेजारी रेडिओ चालू होता. बोलणाऱ्याचा आवाज खरखरीत बुडाला. दिवा बंद केला, आवाज परत आला. मी वीसेक वेळा लावून-विझवून पाहिलं आणि मग खाली फरशीवर बसलो.

त्यानंतर चारच दिवसांनी तू त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवलास. “जन्मभर माझं ऐकलं नाही, त्या दिवशी रेडिओचंही ऐकलं नाही,” असं म्हणालीस. तू ज्या स्टुलावर चढली होतीस, ते मीच धरून उभा होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मला भीती वाटली, ताई. नवरा गेला होता, आता भाऊही तुझ्या नजरेतून उतरेल याची. म्हणून तुझा सगळा राग मी त्यांच्या अंगावर जाऊ दिला. दोन वर्षं.

त्यांनी इशारा धुडकावला नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. पोचला असता तर सगळ्यांच्या आधी तेच माघारी फिरले असते. वाऱ्याला ते किती भ्यायचे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

बोटीचं काम दुसऱ्या कोणाकडून करून घे. सगळे दिवे लावून, मगच त्याला रेडिओ तपासायला सांग. आणि तू शेजारी उभी राहा.

भाऊ म्हणून सही करायला हात धजत नाही.

दिवे बसवणारा